हातात दुसरं काही नको

दुपारी ठकीचा डोळा लागला की तिची आई कॅप्टन व्हायची.

दोन्ही कामांत तसा फार फरक नव्हता. दोन्हीकडे कुणी ना कुणी अंधारात चाचपडत असायचं आणि कुणीतरी शांत आवाजात ‘आहे, आहे, मी इथेच आहे’ म्हणायला लागायचं. फक्त एका कामात दुपटी धुवायला लागत नसत.

खेळाचं नाव ‘कंदील’. भलंमोठं काळोखं मैदान, मधोमध एक पेटता कंदील आणि दोन टोकांना दोन संघांच्या वेशी. चौघांनी मैदानात उतरायचं, कंदील उचलून आपल्या वेशीत आणायचा. वाटेत समोरच्या संघातल्या कुणाचा नुसता हात लागला तरी तो विझतो आणि पुन्हा मधोमध जाऊन पेटतो. चौघांना हातभर अंतरापलीकडचं दिसत नाही. पाचवा गडी मनोऱ्यावर बसतो. त्याला सगळं दिसतं, पण जागचं हलता येत नाही. त्याने बघायचं आणि बोलायचं, एवढंच.

ठकीच्या आईने मनोरा पत्करला होता, कारण मनोऱ्यावरच्या माणसाला एका हाताने खेळता येतं. उजवा हात माऊसवर, इकडेतिकडे बघायला. डावा रिकामा. म्हणजे संघाच्या समजुतीप्रमाणे रिकामा. प्रत्यक्षात तो छातीशी बांधलेल्या कापडी झोळीतल्या ठकीच्या पाठीवर असायचा. गादीवर ठेवलं की ठकीला झोपेतही पत्ता लागायचा, आणि मग ती असा सूर लावायची की वरच्या मजल्यावरचं कुत्रं साथ द्यायचं. झोळीत मात्र, कुणी थोपटत राहिलं तर, मळलेल्या कणकेसारखी निपचित पडून राहायची.

संघाला ठकीचा पत्ता नव्हता. तिने लागूच दिला नव्हता. पोट दिसायला लागलं तेव्हा आधीच्या संघाने तिला फार प्रेमाने निरोप दिला होता. तू निवांत हो, नंतर बघू, म्हणाले. पडद्यावर फुलं उधळली. आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या जागी दुसरा गडी मनोऱ्यावर चढून बसला. नंतर कुणी काही बघितलं नाही. म्हणून या नव्या संघात येताना तिने ठरवलं होतं की इथे आपण नुसता आवाज. आवाजाला बाळ नसतं, आवाजाची झोप अपुरी नसते, आवाजाच्या खांद्यावर दुधाचा डाग नसतो. ठकीने कूं केलं की ती अंगठ्याने कॉलरवरचा माइक बंद करी आणि नंतर लाइनच्या नावाने बोटं मोडी. हळूहळू त्या आवाजाला सगळे कॅप्टन म्हणू लागले, आणि त्या एका शब्दावर तिचा उरलेला दिवस निघू लागला.

संघाचं नाव ‘पाच हजर’. दुपारच्या वेळी पाच मोकळी माणसं गोळा होणं हाच अर्धा विजय होता, म्हणून. त्यातला इन्स्पेक्टर इमारतींच्या लिफ्ट तपासायचा आणि जेवणाच्या सुट्टीत, कुठल्यातरी तळघरातल्या यंत्राच्या खोलीत बसून खेळायचा. दाढ ही दातांची डॉक्टर, दोन पेशंटांच्या मध्ये मैदानात उतरणारी. आणि थोरली-धाकटी या सख्ख्या बहिणी. दोन वेगळ्या गावांत दोघींची दोन पार्लरं, आणि दोघींच्या मते दुसरीला कात्रीसुद्धा नीट धरता येत नव्हती.

दुपारच्या संघांची स्पर्धा जाहीर झाली आणि आयोजकांनी एक अट घातली. प्रत्येक संघाने आपण एकमेकांशी कसं वागतो याचे स्वतःचे नियम करून पाठवायचे, आणि पाठवले की पाळायचे. गेल्या खेपेला म्हणे एका संघाने प्रतिस्पर्ध्यांना सोडून आपसातच इतक्या शिव्या दिल्या होत्या की पंचांनी कानातले हेडफोन काढून ठेवले होते.

नियमांचं नाव काढताच इन्स्पेक्टरच्या आवाजाला तजेला आला. हा माणूस चालत्या लिफ्टमध्येही आधी भिंतीवरची पाटी वाचणारा. त्याने लिहायला घेतलं. हरल्यावर आधी प्रत्येकाने आपली चूक सांगायची, मग दुसऱ्याची काढायची. सुरुवात कॅप्टनने करायची. हे सगळ्यांना पटलं. माइकवर माहेरची भांडणं नकोत, हे थोरलीने सुचवलं, आणि धाकटी म्हणाली की ते कुणामुळे लिहावं लागतंय हेही लिहा. त्यावर माहेरचं एक छोटंसं भांडण झालं. दाढेने, आपल्या खोलीतलं दात कोरायचं मशीन खेळताना बंद राहील, असं आपणहून कबूल केलं.

मग इन्स्पेक्टर घसा खाकरून म्हणाला, “खेळताना हातात दुसरं काही नको.”

याचा रोख थोरलीवर होता. मागे एकदा ती गिऱ्हाइकाचे केस वाळवता वाळवता कंदील घेऊन पळाली होती. कंदील वेशीच्या तोंडाशी विझला आणि गिऱ्हाइकाच्या बटा एका बाजूने कुरकुरीत झाल्या. थोरलीने कुरकुर केली, पण तिच्या बाजूने कुणी बोलेना. इन्स्पेक्टरने जोडून दिलं की जो मोडेल तो पुढच्या सामन्याला बाहेर. राखीव म्हणून दाढेची मदतनीस तयार आहेच, मनोऱ्यासकट सगळ्या जागा तिला येतात. मग कॅप्टनला विचारलं, तुमचं काय मत?

कॅप्टनच्या छातीशी ठकी घोरत होती. डावा हात तिच्या पाठीवर होता. कॅप्टनचं मत असं झालं की नियम उत्तम आहे.

“आणि ठोक्याचं लिहा,” धाकटी म्हणाली. “खरं तर ते पहिलं पाहिजे.”

कसला ठोका, असं कॅप्टन विचारणारच होती, तेवढ्यात सगळे एकदम बोलू लागले. ते बोलत गेले तशी ती गार पडत गेली. कॅप्टन टेबलावर ठोका धरते, तो किती कामाचा आहे, याबद्दल चौघांचं एकमत होतं. या संघात एकमत ही दुर्मीळ गोष्ट होती. ठोका सुरू झाला की चालायचं. जलद झाला की धावायचं. थांबला की जिथे असू तिथे दगड व्हायचं. शब्द नंतर येतात, ठोका आधी येतो, असं दाढ म्हणाली. थोरलीने तर सांगून टाकलं की डावी-उजवी तिला घाईत कळतच नाही, ती नुसती ठोक्यावर जाते.

कॅप्टनचा डावा हात हवेत थबकला. पडद्यावर सरावाच्या मैदानात हिंडणारी चारही माणसं जागच्या जागी दगड झाली.

इन्स्पेक्टरने लिहिलं: संघाची चाल कॅप्टनच्या ठोक्यावर राहील.

त्या दिवशी संध्याकाळी ती दोन गोष्टींनी हैराण होती. पहिली म्हणजे, इतके दिवस तिला वाटत होतं की संघ आपल्या डोक्यावर चालतो. ती नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगायची की मनोऱ्यावरून मैदान वाचणं ही वेगळीच कला असते. तो संघ चालत होता म्हणे थोपटण्यावर. दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. आपण मान डोलावलेल्या दोन नियमांपैकी एक पाळला की दुसरा मोडत होता. हातात दुसरं काही नको म्हणावं तर ठोका कुठून आणायचा? ठोका हवा म्हणावं तर ठकी हातात.

नवरा चष्म्याच्या दुकानातून दमून आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगून टाक म्हणाला. त्याला काय जातंय सांगायला, असं तिच्या मनात आलं. त्याच्या दुकानात कुणी त्याला बाप झालास म्हणून फुलं उधळून घरी पाठवलं नव्हतं. उलट पेढे मागितले होते.

सासूबाई लोकांचे पडदे शिवायच्या. त्यांचं शिवणयंत्र आणि सुनेचा कॉम्प्युटर एकाच खोलीत पाठीला पाठ लावून होते, त्यामुळे त्यांना या प्रकरणातलं सगळं ठाऊक होतं, फक्त तो खेळ असतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्या त्याला सुनेचं ऑफिस म्हणत. दोरा दातांनी तोडत त्या म्हणाल्या की सामन्याच्या दिवशी मी यंत्र बंद ठेवते, ठकीला घेऊन आतल्या खोलीत बसते, तू दोन्ही हातांनी ऑफिस कर. ठोका काय, टेबलावर वाजव की. लाकूड काही रडत नाही.

हे इतकं सोपं वाटलं की तिला आधी सुचलं नाही याचीच लाज वाटली.

सामन्याच्या दुपारी ती दोन मोकळ्या हातांनी खुर्चीत बसली. झोळी खुंटीला लटकत होती. छातीला गार वाटत होतं, जसं गाडीत शेजारची माणसं उतरून गेल्यावर बाकावर बसून वाटतं तसं. समोरचा संघ होता ‘काळोखाचे सम्राट’. एकूण तीन डाव. पहिला सुरू झाला, तिने डावा हात टेबलावर आपटायला घेतला, आणि कानात धाकटीचा आवाज आला.

“कोण आलंय?”

कुणी नाही, हा ठोका आहे, असं तिने दटावलं. पण खरंच तो दारावरच्या थापेसारखा येत होता. ठकीच्या पाठीवर हात आपला आपण चालायचा. इथे तो चालवायला लागत होता. ठोक्याकडे लक्ष द्यावं तर मैदान सुटायचं, मैदानाकडे द्यावं तर ठोका. सम्राटांतला एकजण विहिरीमागून येताना तिला दिसला, तेव्हा तिने ओरडून सांगितलं, पण टेबलावरचा हात मात्र त्याच संथ चालीवर पडत राहिला. एरवी तिच्या पोटात गोळा आला की जीभ हलायच्या आत हात जलद व्हायचा. तो गोळा पोचवणारी मधली बाई आतल्या खोलीत होती. इन्स्पेक्टर डावीकडे गेला, दाढ त्याच्यावर आदळली, थोरली विचारत राहिली की चालू की धावू, आणि कंदील सम्राटांच्या वेशीत जाऊन पोचला.

डावांच्या मध्ये छोटी सुट्टी होती. आतून ठकीचा सूर येऊ लागला होता, आणि त्याच्याही वर सासूबाईंचा, कावळा आला, चिमणी आली, करत. नियमाप्रमाणे आधी कॅप्टनने आपली चूक सांगायची होती.

लाइन खराब होती, असं म्हणता आलं असतं. वाक्य तयारच होतं, इतक्या वेळा वापरलेलं. मग तिच्या डोळ्यांपुढे मनोऱ्यावर चढून बसलेली दाढेची मदतनीस आली. वाईट मुलगी नव्हती ती. ठोकाही बरा धरेल कदाचित. पण पुढचे दोन डाव असेच हरले तर ते फक्त तिच्यामुळे, आणि चौघं बिचारे आपापल्या चुका शोधत बसणार. दाढेने तर शोधायला सुरुवातही केली होती, आपलंच लक्ष नव्हतं म्हणून.

“माझा ठोका खोटा होता,” ती म्हणाली. “खरा म्हणजे ठोका नसतोच तो. मी मुलीला थोपटत असते. झोळीत असते ती, माझ्या छातीशी. रोज. आज नियम पाळायचा म्हणून आत दिलीय, आणि ते तिलाही आवडलेलं नाही, ऐकू येत असेल.”

तिने पुढचंही सांगून टाकलं, की नियम मोडला आहे तो आज नाही, रोज मोडला आहे, तेव्हा मी बाहेर बसते, मदतनिसीला बोलवा.

“खालचे दोन आलेत ना?” दाढ म्हणाली.

“काय?”

“दात हो. महिनाभर ती माइकची वायर चघळतेय. आधी नुसत्या हिरड्या होत्या, आता करकर येते. मला वाटलं, कॅप्टनना सांगायचं नसेल, तर आपण कशाला तोंड उघडा.”

म्हणजे दाढेला माहीत होतं. थोरली-धाकटीला नव्हतं. थोरलीने कॅप्टनकडे मांजर असल्याची अटकळ बांधली होती आणि धाकटीशी त्यावर पैजही लावली होती; धाकटी म्हणत होती की कॅप्टनना सर्दी असते. आता कोण जिंकलं यावर दोघींची जुंपली.

इन्स्पेक्टरच्या मागे कुठल्यातरी लिफ्टचं यंत्र घरघरत होतं. तिने मान खाली घातली. दोन्ही हात मांडीवर होते आणि त्यांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

“वजन किती?” इन्स्पेक्टरने विचारलं.

“साडेसात किलो.”

“झोळीचे पट्टे कुठून जातात?”

“दोन्ही खांद्यांवरून. मागे गाठ.”

“गाठ नको, बक्कल हवं. गाठ सरकते.” मग तो म्हणाला, “हे बघा कॅप्टन, लिफ्ट कागदावर सगळ्याच चालतात. माणसं आत उभी राहिली की खरं काय ते कळतं. आपल्या नियमात आज पहिल्यांदा माणसं उभी राहिली, आणि तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकला. अशा वेळी माणसांना बाहेर काढतात, हो. घरी नाही पाठवत. तिला घ्या लवकर, डाव सुरू होईल.”

तिने आईंना हाक मारली. सासूबाई दारातच होत्या. बहुधा बऱ्याच वेळापासून. ठकी लालबुंद, सासूबाईंचा अंबाडा सुटलेला. “घे बाई तुझं ऑफिस,” म्हणून त्यांनी खुंटीवरची झोळी सुनेला बांधली, ठकीला आत घातलं, आणि सुनेचं गाठीबद्दलचं बोलणं ऐकून की काय, पट्ट्यांची गाठ दोनदा करकचून आवळली.

फक्त एक घोळ झाला. ठकी आता झोपायला तयार नव्हती. एवढं रडून ती टक्क जागी झाली होती, आणि आई सापडल्याच्या आनंदात तिने आईच्याच छातीवर, थेट माइकच्या शेजारी, चापट्या मारायला सुरुवात केली. थप. थप थप थप. मग काहीच नाही. मग एकदम सहा.

कॅप्टन माइक बंद करणार, तोच तिला दिसलं की चौघं निघाले आहेत.

ती त्यांना थांबवू शकली असती. पण खालचं दृश्यच असं होतं की तिचा अंगठा जागीच राहिला. चार माणसं दोन पावलं टाकत होती, मध्येच दगड होत होती, विनाकारण तुफान धावत सुटत होती आणि मोकळ्या मैदानात पुन्हा खांबासारखी उभी राहत होती. सम्राटांना वाटलं, हा काहीतरी गहन डाव आहे. ते विहिरीमागे दबा धरून गहन गोष्ट घडायची वाट बघत बसले. तेवढ्यात ठकीला आईच्या कॉलरचं बटण दिसलं, तिने आनंदाने दोन्ही हातांनी बडवायला घेतलं, आणि थोरली कंदील घेऊन वेशीत घुसली. आत गेल्यावरही ती धावतच होती, कारण बडवणं थांबलं नव्हतं.

“ही कुणाची आज्ञा होती?” इन्स्पेक्टरने धापा टाकत विचारलं.

“वरिष्ठांची,” कॅप्टन म्हणाली.

तिसऱ्या डावात वरिष्ठ दमले. मूठ आईच्या कॉलरवरून घसरली, पापण्या जड झाल्या, आणि कॅप्टनचा डावा हात न सांगता आपल्या जागी गेला. आता तो चालवायला लागत नव्हता. कंदील दाढेच्या हातात होता आणि ती तो अशी आणत होती, जसा भरलेला पेला आणावा. ठोका मऊ, चालही मऊ. वेस दिसायला लागली. तेवढ्यात सम्राटांतला एकजण झुडपातून उठला. कॅप्टनचा हात जलद व्हायला उचलला गेला, आणि अर्ध्यावर थांबला. आता जोरात थोपटलं तर ठकी दचकून उठणार होती. नुकती कुठे निजली होती ती, रडून रडून. त्या एका अडखळण्यात ठोका तुटला, दाढ शहाण्यासारखी दगड झाली, आणि सम्राटाने दोन पावलं पुढे येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग कंदील पुन्हा मधोमध पेटला, सम्राटांनी तो उचलून आपल्या वेशीत नेला आणि डाव संपला.

हरले. पण आता नियम होता, आणि सुरुवात कॅप्टनने करायची होती. तिने कुजबुजत सांगितलं की मला जोरात थोपटायचं होतं, पण जिवावर आलं. थोरलीने आपली चूक सांगितली, मग बहिणीची सांगितली, मग बहिणीच्या नवऱ्याचीही सांगायला निघाली, तेव्हा माहेरच्या भांडणांचा नियम लावून तिला गप्प करण्यात आलं. सगळे आपोआप हलक्या आवाजात बोलत होते. नवा नियम काय लिहायचा यावर बराच खल झाला. शेवटी इन्स्पेक्टरने एक वाक्य वाचून दाखवलं: खेळताना हातात दुसरं काही नको; दुसरं कुणी असेल तर संघाला आधी सांगावं, म्हणजे संघ हळू बोलेल. उद्या सरावाला नेहमीच्या वेळेला ना, असं त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कॅप्टनला बक्कल आणण्याबद्दल पुन्हा बजावलं. मदतनिसीचं नाव कुणी काढलं नाही.

खेळ संपला होता, पण मैदान अजून पडद्यावर होतं. सामना संपल्यावर काही वेळ ते तसंच राहतं, विझल्या कंदिलाचं, दोन्ही वेशी उघड्या. सासूबाईंनी यंत्र सुरू करायच्या आधी आत डोकावून भुवईनेच विचारलं, निकाल काय? सुनेने मान हलवली. मग हसतेस काय, असं त्या दुसऱ्या भुवईने म्हणाल्या.

ठकीच्या टाळूचा वास घेत, खुर्चीत मागे रेलून, ती तशीच बसून राहिली. डोळे तिचेही मिटत आले होते.

“कॅप्टन,” कानात दाढ अगदी हळू म्हणाली. “आपण कुठे निघालोय?”

तिने डोळे उघडले. माइक चालूच होता. डावा हात ठकीच्या पाठीवर संथ पडत होता, आणि पडद्यावर, रिकाम्या काळोख्या मैदानातून, चार माणसं एकामागे एक, तिच्या हाताच्या चालीने चालली होती.

“कुठे नाही,” ती म्हणाली. “चला थोडं.”